आपल्या गांवच्या विधींतील झाडेंझुडपें



माळशिरस तालुक्यांत चैत्र-वैशाखाच्या दिवसांत बाहेरगांवचा मनुष्य आला, तर त्यास दोन निरनिराळे प्रदेश दिसतात. उत्तरेस नीरा नदीच्या कांठीं व कालव्याच्या पाण्याखालीं ऊंस आणि केळी यांचें हिरवें रान पसरलेलें आहे. दक्षिणेस डोंगररांगेकडे वळावें, तों बाभूळ, बोर, कडुनिंब, तरवड आणि कुसळी गवत यांचा कोरडा माळ लागतो. पाऊस दोन्हीकडे बेताचाच. अशा मुलखांत झाडाची किंमत कोणास शिकवावी लागत नसेल, असें वाटणें साहजिक आहे. परंतु किंमत असणें निराळें आणि ओळख असणें निराळें, हा धडा आम्हांस गेल्या दसऱ्याच्या सुमारास मिळाला, व तोच या लेखाचें निमित्त होय.

दसऱ्यापूर्वीं आठवडाभर आम्हीं वर्गांतील मुलांस प्रत्येकीं आपट्याचें एकेक पान आणावयास सांगितलें होतें. दुसऱ्या दिवशीं टेबलावर पानांचा ढीग झाला. सर्व पानें मधोमध दुभंगलेलीं होतीं, म्हणून तीं सर्व आपट्याचींच असें समजून आम्हीं धडा सुरू केला. तितक्यांत नातवाचा विसरलेला डबा घेऊन आलेली एक आजी दारांतूनच म्हणाली, “गुरुजी, ह्यो कांचन हाय. आपटा न्हवं.” तिनें जवळ येऊन पानें चाचपलीं, आणि एक मोठा व एक अगदीं लहान असे दोन ढीग करून ठेविले. लहान ढीग आपट्याचा होता. आम्ही पुस्तकांतून शिकविणारे. पण तिच्या बोटांस जें कळलें, तें आमच्या डोळ्यांस कळलें नव्हतें. जातां जातां ती नातवास म्हणाली, “लेकरा, सोनं लुटायचं म्हंजी पान द्यायचं. झाड लुटायचं न्हवं.” या वाक्यावर आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला. तो विचार वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

झाडांचें पंचांग

गांवच्या विधींकडे नीट पाहिलें तर असें दिसून येतें कीं, ज्या ऋतूंत जी वनस्पति आपल्या भोंवतीं फुलते, फळते किंवा कोंवळी होते, तीच त्या ऋतूच्या सणास मागितली जाते. गुढीपाडव्यास गुढीला कडुनिंबाची डहाळी बांधतात, आणि त्याचा कोंवळा पाला व फुलें गूळ, हरभऱ्याची डाळ व ओंवा यांबरोबर वाटून खातात. निंबास नवी पालवी व मोहर येतो तो याच दिवसांत. भाद्रपदांत गणपतीस दूर्वा व पत्री लागते, गौरींबरोबर तेरडा आणि आघाडा येतो. यांतील तेरड्यासारखीं रोपें पावसाळी; वैशाखांत कोणी मागितलीं तर सांपडावयाचीं नाहींत. आश्विनांत आपटा, शमी व झेंडू. कार्तिकांत तुळशीच्या लग्नास उंसाचा मांडव, आणि चिंच, बोर व आंवळा. पौषांत संक्रांतीच्या सुगडांत उंसाचीं कांडीं, बोरें, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाची ओंबी व तीळ. फाल्गुनांत होळीच्या मधोमध एरंडाची फांदी. ज्या घरांत एकहि पुस्तक नव्हतें, त्या घरांतील मूलदेखील या मार्गानें बारा महिन्यांच्या झाडापिकांचा क्रम शिकत असे.

या पंचांगांत केवळ कोणती वनस्पति केव्हां घ्यावी एवढेंच नसून केव्हां घेऊं नये हेंहि सांगितलेलें आहे. तुळशीचें लग्न होईपर्यंत बोरें, चिंचा, आंवळे यांना हात लावूं नये, अशी ताकीद आपल्यापैकीं पुष्कळांनीं आजीच्या तोंडून ऐकली असेल. कच्चें फळ झोडपून टाकिलें तर पिकलेलें फळ कोणासच मिळत नाहीं; म्हणून फळ धरल्यापासून तें पिकूं लागेपर्यंत मुलांचे हात आवरून धरणारा हा नियम आहे. तसेंच तुळशीचीं पानें संध्याकाळीं व द्वादशीस तोडूं नयेत, वड, पिंपळ व उंबर यांचें लांकूड चुलींत घालूं नये, हेहि आवरण्याचेच नियम होत.

घट आणि पिवळे अंकुर

शेतकऱ्याच्या घरीं नवरात्रांतील घटाचें महत्त्व विशेष. प्रतिपदेस पत्रावळीवर किंवा टोपलींत आपल्याच शेतांतील माती पसरतात, तींत गहूं, ज्वारी वगैरे धान्यें पेरतात, आणि मध्यें पाण्याचा घट ठेवून त्यावर नागवेलीचीं पानें व नारळ मांडतात. रोज एक माळ घटावर सोडावयाची. आमच्याकडील माळावर त्या दिवसांत तरवड पिवळ्या फुलांनीं भरलेला असतो, म्हणून त्याच्या फुलांची माळ पुष्कळ घरीं चढते. कोठें तिळाचीं व कारळ्याचीं फुलेंहि ओंवितात. दसऱ्यास वीतभर वाढलेले अंकुर उपटून देवास वाहतात, आणि पुरुष ते टोपींत किंवा फेट्यांत खोंवतात.

सोलापूर जिल्हा हा रब्बीच्या ज्वारीचा जिल्हा. जिल्ह्यांतील मोहोळ येथील शेतकी केंद्रांत निवडलेलें मालदांडी ज्वारीचें वाण महाराष्ट्राबाहेरहि प्रसिद्ध आहे. ज्वारीची पेरणी नवरात्राच्या मागेंपुढेंच होते. यास्तव घरांतील बीं घटांत टाकून तें कसें उगवतें हें नऊ दिवस पाहणें, म्हणजे पेरणीच्या तोंडावर बियाण्याची परीक्षाच होय, असें जाणते शेतकरी मानितात.

येथें एक प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनांत यावा अशी आमची इच्छा आहे. शेतांतील अंकुर हिरवे, मग घटाचे अंकुर पिवळे कां? देवघराच्या कोपऱ्यांत उजेड कमी असतो. पानांतील हरितद्रव्य तयार होण्यास प्रकाश लागतो. तो न मिळाल्यास अंकुर पिवळट राहतो, आणि उजेडाच्या शोधांत भराभर उंच व लुसलुशीत वाढतो. एक टोपली देवघरांत व दुसरी ओसरीवर उन्हांत ठेवून हा प्रयोग कोणासहि करतां येईल.

सोन्याचें पान

आतां आपट्याकडे वळूं. रघुराजा व कौत्स यांची कथा आपणांस ठाऊकच आहे. गुरुदक्षिणेसाठीं कौत्सानें चौदा कोटि सुवर्णमुद्रा मागितल्या. रघूनें सर्वस्व दान केलेलें असल्यामुळें तो कुबेरावर स्वारी करण्यास सिद्ध झाला, आणि कुबेरानें सोन्याचा वर्षाव केला. हा वर्षाव आपट्याच्या झाडावर झाला असें लोककथा सांगते. कालिदासाच्या रघुवंशांतहि ही गोष्ट आली आहे. परंतु कथेचा जो भाग आपण बहुधा विसरतों, तो आमच्या मतें सर्वांत मोलाचा आहे: रघु सगळें सोनें देऊं लागला, आणि कौत्सानें गुरूस द्यावयाचें तेवढेंच घेतलें, त्याहून अधिक घेण्यास तो तयार होईना. सोनें लुटण्याची चाल या कथेवरून निघाली असेल, तर तिचें मर्म हातास लागेल तेवढें ओरबाडण्यांत नसून पुरे म्हणण्यांत आहे.

हल्लीं काय होतें? दसऱ्याच्या आदल्या रात्रीं फांद्यांनीं भरलेल्या गाड्या बाजारांत उतरतात. चार पानांसाठीं हातभर फांदी विकत घेतली जाते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीच फांदी रस्त्यावर गुरांच्या पायांखालीं येते. आपटा हें सावकाश वाढणारें लहान झाड. एका वर्षीं त्याच्या फांद्या खांद्यापासून तोडल्या तर पुढील वर्षीं फुलें-शेंगा येत नाहींत, आणि शेंगा नाहींत तर नवीं रोपें कोठून येणार? आपटा दुर्मिळ झाला म्हणून कांचन तोडला जातो, व दोन्ही झाडांवर घाला पडतो.

दोहोंतील भेद आजीकडून आम्हीं शिकलों तो असा: आपट्याचें पान लहान, जाड व हातास खरबरीत लागतें, त्याची रुंदी लांबीपेक्षां बहुधा अधिक असते. कांचनाचें पान मोठें, पातळ व लांबट. आपट्याचीं फुलें लहान, पिवळसर पांढरीं. कांचनाचीं मोठीं, गुलाबी, जांभळीं किंवा पांढरीं. दोन्ही झाडें एकाच कुलांतलीं. त्या कुलांतील त्यांच्या गटास वनस्पतिशास्त्रांत ‘बॉहिनिया’ असें नांव असून, तें बॉहिन नांवाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांच्या स्मरणार्थ दिलेलें आहे. एका देंठावर जोडलेलीं दोन दळें, हीं त्या दोन भावांचें चिन्ह! आमच्याकडे जें पान देऊन दोन माणसें एकमेकांस भेटतात, त्याच पानांत परदेशांतील पंडितांस दोन भाऊ दिसावे, हा योगायोग मोठा गोड आहे.

लग्नांतील देवक

विवाहविधींत तर झाडांवांचून पाऊल पडत नाहीं. मांडवाची मुहूर्तमेढ, दारास आंब्याचें तोरण, खांबांस केळीचे खुंट, अंगास हळद, हातांत हळकुंड बांधलेलें काकण, आणि प्रत्येक मानापानास विडा-सुपारी. लग्नापूर्वीं ‘मांडवडहाळे’ म्हणून जो समारंभ होतो, त्यांत भाऊबंद बैलगाडी घेऊन रानांत जातात, आंबा, जांभूळ, उंबर यांच्या डहाळ्या वाजतगाजत आणतात, आणि त्यांनीं मांडव झांकतात. आतां कापडी मांडव भाड्यानें मिळूं लागल्यापासून गाडीऐवजीं दोन-चार डहाळ्यांवर काम भागतें. तोडीच्या दृष्टीनें हें बरेंच झालें. परंतु डहाळे आणणाऱ्या तरुणांस कोणत्या बांधावर कोणतें झाड आहे ही जी ओळख आपोआप होत असे, तीहि त्याबरोबर गेली.

या सर्वांत अधिक विचार करण्यासारखी वस्तु म्हणजे ‘देवक’. मराठा व इतर अनेक ज्ञातींतील कुळांचें देवक बहुधा एखादें झाड असतें: कोणाचें कळंब, कोणाचें वड, उंबर, आपटा किंवा शमी, कोणाचें पांच झाडांचीं पानें मिळून होणारें पंचपल्लव. लग्नाच्या वेळीं देवकाची डहाळी मारुतीच्या देवळांतून वाजत आणून मांडवांत पूजितात. इंग्रज अमदानींत आर्. ई. एन्थोवन यांनीं मुंबई इलाख्यांतील जातिजमातींवर तीन खंडांचा ग्रंथ इ. स. १९२० ते १९२२ या काळांत प्रसिद्ध केला. त्यांत अशा देवकांची पुष्कळ माहिती दिलेली आहे. जुनी रीत अशी कीं, एका देवकाच्या दोन कुळांत सोयरीक होत नसे, आणि ज्याचें जें देवक, त्यानें तें झाड तोडावयाचें नाहीं. म्हणजे गांवांत जितकीं कुळें, तितके झाडांचे राखणदार! आज आपल्यापैकीं किती मुलांस आपलें देवक सांगतां येईल? आणि ज्यांस सांगतां येईल, त्यांतील किती जणांनीं तें झाड डोळ्यांनीं पाहिलें असेल?

वड, उंबर आणि तुळस

ज्येष्ठी पौर्णिमेस स्त्रिया वडास सूत गुंडाळून सावित्रीचें व्रत करितात. विधि झाडापाशीं जाऊन करावयाचा आहे, हें त्यांतील मुख्य होय. बाजारांतून फांदी आणून पाटावर पूजिली, तर ज्याच्या दीर्घायुष्याची उपमा घ्यावयाची त्याचाच अवयव आपण तोडला असें होतें.

क्वचित् भेटणाऱ्या माणसास आपण ‘उंबराचें फूल’ म्हणतों. वास्तविक उंबरास फुलें थोडीथोडकीं नसून असंख्य असतात. मात्र तीं दिसत नाहींत, कारण ज्यास आपण फळ म्हणतों त्याच्या पोटांतच तीं दडलेलीं असतात. एक अगदीं बारीक कीटक फळाच्या तोंडाशीं असलेल्या छिद्रांतून आंत शिरतो व परागांची नेआण करितो. वड, पिंपळ, उंबर या प्रत्येकाचा असा स्वतंत्र कीटक आहे. तो नाहींसा झाला तर त्या झाडास बीं धरणार नाहीं. इतर झाडें रिकामीं असतांना या झाडांचीं फळें पक्ष्यांस मिळतात, आणि पक्षी त्यांचें बीं दूरवर नेतात. माळावरच्या एका जुन्या वडावर कितीतरी जिवांचा संसार चाललेला असतो.

तुळशीचें दर्शन तर आमच्या तालुक्यास दरवर्षीं आषाढी वारींत घडतें. श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुतें, माळशिरस व वेळापूर येथें मुक्काम करिते. श्रीतुकाराममहाराजांची पालखी नीरा ओलांडून अकलूजकडे येते. दिंडींतील कित्येक स्त्रियांच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असतें, आणि प्रत्येक वारकऱ्याच्या गळ्यांत तुळशीच्या काष्ठाची माळ. मोठें झाड बरोबर नेतां येत नाहीं, पण तुळस नेतां येते. पालखीमार्गाच्या रुंदीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजीं पंढरपुरांत बसविली गेली. रस्ता रुंद झाला, वारकऱ्यांची सोय झाली. पण ज्यांच्या सांवलींत दिंड्या विसांवत, असे कडेचे कित्येक जुने वृक्ष गेले. त्यांच्या जागीं लावलेलीं रोपें वाढवून सांवलीस आणणें हें कोणा एकट्या खात्याचें काम नव्हे. रस्त्यालगतच्या प्रत्येक गांवाचें व शाळेचें तें काम आहे.

दूरच्या जावा बेटांत

झाडांस असा मान देणारे आपण एकटेच नाहीं. ख्रिस्ती मंडळी ईस्टरच्या आधींच्या रविवारीं झावळ्या हातीं घेऊन मिरवणूक काढतात. मुसलमान बांधव रमजानचा रोजा खजुरानें सोडतात. परंतु आपल्याशीं अधिक जवळचें साम्य पाहावयाचें असेल तर समुद्रापलीकडे इंडोनेशियांतील जावा बेटाकडे जावें लागेल.

जावांतील खेड्यांत लग्नघराच्या दारीं दोन्ही बाजूंस घडासकट केळीचे खुंट, ऊंस, शहाळीं, भाताच्या लोंब्या व वडाचीं पानें बांधतात. या सजावटीस ‘तुवुहान’ म्हणतात. ‘तुवुह’ म्हणजे वाढणें. वधूवर समोरासमोर येतांच नागवेलीच्या पानांच्या लहान सुरळ्या एकमेकांवर टाकतात. स्त्रीस सातवा महिना लागला म्हणजे कोंवळ्या शहाळ्यावर सुंदर जोडप्याचें चित्र काढून विधि करितात. भातशेतीची देवता देवी श्री. आणि योग्यकर्ता येथील राजवाड्यापुढील मैदानाच्या मध्यभागीं कुंपण घातलेले दोन वड मानानें जपलेले आहेत. उंसास त्यांच्या भाषेंत ‘तेबू’ म्हणतात, आणि मनाचा ठामपणा असा अर्थ ते त्या शब्दाच्या अक्षरांतून काढतात. केळ, ऊंस, नारळ, विडा, वड: नांवें वाचतांना आपल्याच मांडवांत उभें असल्यासारखें वाटतें. दोन्ही देश मोसमी पावसाचे, आणि प्राचीन काळापासून दोहोंत दळणवळण होतें, हें या साम्याचें एक कारण असावें. भेद मात्र एवढाच कीं, तेथें भाताची लोंबी तर येथें ज्वारीचें कणीस. प्रत्येकानें आपल्या शेतांत जें पिकलें तेंच देवापुढें ठेविलें.

एक सावधगिरी

विधींचें महत्त्व सांगतांना पुष्कळ लोक त्यांस शास्त्राचा खोटा टेकू देतात. पिंपळ व तुळस रात्रींहि प्राणवायु सोडतात, हें वाक्य आपण अनेकदां ऐकिलें असेल. तें खरें नाहीं. झाड प्राणवायु सोडतें तें प्रकाशांत अन्न तयार करितांना. रात्रीं इतर सजीवांप्रमाणें तेंहि प्राणवायु घेतच असतें. विद्यार्थ्यांनीं अशा गोष्टी केवळ ऐकीव म्हणून परीक्षेच्या उत्तरांत लिहूं नयेत. पिंपळास मोठेपणा मिळण्यास असत्याची गरज नाहीं. त्याची सांवली, त्याचीं फळें, त्याच्या पारावर बसून मिटलेलीं भांडणें, एवढें पुरेसें आहे.

आपलें काम

विधि राहिला, पण झाडाची ओळख गेली, तर विधि झाडाचा शत्रु होतो. आपट्याची गोष्ट हेंच सांगते. ओळख राहिली, तर तोच विधि झाडाचा राखणदार होतो. देवकाची रीत हेंच सांगते. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस चार सोपीं कामें सुचवूं इच्छितों, व पालकांनीं त्यांस साह्य करावें अशी विनंति करितों.

पहिलें: घरांतील वडील माणसांस विचारून आपलें देवक, व वर्षभरांत घरीं लागणाऱ्या वनस्पति, यांची यादी वहींत लिहावी, आणि प्रत्येक झाड जाऊन पाहावें. दुसरें: दसऱ्यास फांदी विकत न घेतां एक पान द्यावें, आपटा न मिळाल्यास घटाचा अंकुर द्यावा, तोहि सोन्याच्याच रंगाचा आहे. तिसरें: आपट्याच्या वाळलेल्या शेंगा उन्हाळ्यांत गोळा करून बीं रात्रभर पाण्यांत भिजत ठेवावें, पावसाच्या तोंडावर लावावें, आणि रोप गुडघ्याइतकें होईपर्यंत शेळ्यांपासून राखावें. चवथें: वटपौर्णिमेस आईबरोबर झाडापर्यंत चालत जावें.

त्या आजीचा लहान ढीग आम्हीं फेंकला नाहीं. तीं पानें वहींत दाबून ठेविलीं आहेत, व नव्या वर्गांत पहिल्या दिवशीं तीं मुलांच्या हातीं फिरवितों. डोळे मिटून, बोटांनीं चाचपून, आपटा कोणता व कांचन कोणता हें ज्यास सांगतां येईल, तो आमच्या मतें या विषयांत उत्तीर्ण झाला.